बाहेर वळलेले बूट

लग्नाच्या बैठकीत आमच्या ह्यांनी माझ्याकडे कमी आणि माझ्या झिजलेल्या चपलांकडे जास्त पाहिलं होतं. बसस्टँडमागच्या दुकानात तीस वर्षं बूट शिवतायत. स्वतः नाकासमोर चालणारे, आणि बूटही तसेच लागतात.

एकदा सरकारी दवाखान्यातली प्लास्टरवाली सिस्टर दुकानात आली. काही बाळांची पावलं जन्मतःच आत वळलेली असतात, टाच जमिनीला टेकत नाही. सिस्टर दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून ती हळूहळू सरळ करते. पण पुढे काही वर्षं एका आडव्या पट्टीवर जोडलेले बूट घातले नाहीत, तर पाय पुन्हा वळतात. हे बूट राजधानीतून यायचे, म्हणजे यायचेच नाहीत. सिस्टरने चित्र दिलं आणि ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. ह्यांनी आठवड्यात सात जोड केले.

चित्रात दोन्ही बूट बाहेर फाकलेले होते. ह्यांना वाटलं, काढणाऱ्याचाच हात चुकला. असला बूट दुकानातून गेला तर लोक हसतील! म्हणून स्वतःची अक्कल लढवून सगळे नाकासमोर बसवले. मीही कौतुकाने मान डोलावली. सातही जोड दवाखान्यातून बाळांच्या घरी गेले.

सिस्टर कामावर परतली आणि तडक दुकानात आली. सोबत एक बाई, तिच्या कडेवर लेक. पोरीचे दोन्ही पाय पुन्हा आत वळायला लागले होते.

"फाकलेलेच हवे होते हो मामा," सिस्टर म्हणाली. "त्यानेच पाय पुन्हा आत वळत नाहीत."

हे त्या पावलांकडे नुसते बघत राहिले. इतकं ओशाळलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं.

मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं, दुकानातले बूट बंद, राजधानीचा माल येईपर्यंत थांबा. थांबा म्हणे! पाय थोडेच थांबणार होते? हे दवाखान्यात गेले, मागोमाग मी.

"चूक माझी आहे साहेब," हे म्हणाले, "पण काम सोडणार नाही. हा घ्या कोनमापक. मोजून घाला. एखादा बूट चुकला तर माझ्या तोंडावर फेका."

"आणि जबाबदारी कोण घेणार?"

तेवढ्यात प्लास्टरसाठी बाकावर बसलेली त्या पोरीची आई उठली. "ह्यांनी चूक कबूल तरी केली. तुमचे बूट दोन वर्षं आले नाहीत, ती चूक कुणाची? ते कुणी बोललं का? माझ्या लेकीला ह्यांचेच बूट घाला."

"मोजा," डॉक्टर सिस्टरला म्हणाले. सिस्टरने कोनमापक उचलला.

पोरीला पुन्हा तीन प्लास्टरं लागली, मग नवे बूट. बाकीच्या सहा घरी हे स्वतः गेले. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एका आजीने बूट अंगावर भिरकावला. ह्यांनी तो झेलला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून नीट करून दिला. "ऐकून घ्यायलाच आलोय," म्हणाले.

परवा ती पोरगी आईचं बोट सोडून दुकानात शिरली. अनवाणी, चिखलाने भरलेल्या पायांनी, थेट ह्यांनी कापायला पसरलेल्या नव्याकोऱ्या कातड्यावर. त्यावरून मांजर गेलं तरी हे दुकान डोक्यावर घेतात. मी फडकं घेऊन धावले.

ह्यांनी माझा हात धरला.

"पुसू नकोस," म्हणाले. "बघ, दोन्ही टाचा उमटल्यात."