निळ्या लडीची तीन गाणी

आमचे हे सूत रंगवतात. उभा जन्म वाफेत गेला, नखं निळी झाली ती निळीच राहिली. शौक म्हणाल तर एकच, कानात तो जुनापुराणा गाण्यांचा प्लेअर. मी म्हणायची, ह्या वयात हे काय खूळ! पण त्यांची रंगवायची रीतच तशी. सुताची लडी कढईत सोडली की बटण दाबायचं. पिवळ्याला एक गाणं. निळ्याला तेच गाणं लागोपाठ तीनदा. मग वेगळं गाणं लागलं, की लडी बाहेर. घड्याळाकडे ढुंकून बघणार नाहीत.

आमचे जावई भलते हौशी. त्यांनी नवा कॉम्प्युटर आणला आणि प्लेअर त्याला जोडला. प्लेअरच्या कंपनीच्या प्रोग्रामने विचारलं, एकच गाणं पुन्हा पुन्हा आहे, जादा काढून टाकू? जावई म्हणाले, टाक! वर सगळी गाणी नावांप्रमाणे ओळीने लावली. "बघा बाबा, आता कसं नीटनेटकं!"

दुसऱ्या दिवशी निळ्या लडी निघाल्या धुतलेल्या फडक्यासारख्या. पुन्हा बुडवल्या, तर पट्टे उठले. अख्खी खेप वाया गेली. मी भांडी जरा जोरातच आपटली, जावयाला ऐकू जातील अशी.

हे मात्र शांतपणे म्हणाले, "बास झालं. कारखाना बंद करू."

"अहो, एका खेपेसाठी?"

जावई कळवळून म्हणाले, "बाबा, भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे की."

"दिसत असतं तर बघितलं नसतं का?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. रंग जवळ धरला की कळतो म्हणाले, लांबचं सगळं धुरकट. डॉक्टरांनी सांगून टाकलेलं, याहून बरं व्हायचं नाही. "तुला काय सांगायचं? रडत बसली असतीस." रडले तर मी होतेच. आधी चांगलं फैलावर घेतलं, मग रडले.

जावई म्हणाले, मोबाइलवर गजर लावून देतो. पण ओल्या हातांना ती गुळगुळीत काच दाद देईना. प्लेअरचं बटण कसं, अंगठ्याला कळतं. शेवटी जावयांनीच शोधून काढला एक दुसरा प्रोग्राम, कुणा हौशी मंडळींनी बनवून फुकट वाटलेला. तो आगाऊपणा करत नाही. तेच गाणं दहादा द्या, द्याल त्या क्रमाने मुकाट भरतो. हे गुणगुणत सांगत गेले, जावई भरत गेले.

तरी ह्यांचा धीर होईना. प्लेअर हातात घेत, खाली ठेवत. "पुन्हा चुकलं तर?"

"जावईबापू," मी म्हटलं, "ह्यात माझा आवाज भरता येईल?"

"का नाही? हवा तिथे भरू."

"अगं, जन्मभर ओरडतेसच की," हे म्हणाले. "आता यंत्रातूनही?"

"हो, यंत्रातूनही!"

सकाळी त्यांनी निळी लडी सोडली, बटण दाबलं. मी चहा घेऊन दारात थांबले. गाणी त्यांच्या कानात, मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती वाफ आणि त्यांची पाठ. मग एकदम ते कढईवर वाकले आणि खेकसले, "काढतोय गं बाई, काढतोय! जरा दम धर!"

लडी गर्द निळी निघाली. मी तर दारात तोंड मिटून उभी होते.