मागून जेवणाऱ्या बायका

शहात्तर साली मी नर्सिंग शिकायला कोल्हापूरला निघाले, तेव्हा आई आणि वहिनी मला गगनबावड्याच्या स्टँडवर पोचवायला आल्या होत्या. आमच्या वाडीपासून तिथवर तासाभराची पायवाट. वहिनीला चौथा महिना होता, वाटेत ती दोनदा दम लागून खाली बसली. "जा बाई," आई म्हणाली, "पोटभर जेव. हिकडची काळजी करू नगंस." गाडी वळली आणि त्या दोघी दिसेनाशा झाल्या. खरं सांगते, त्या दिवशी दुःखापेक्षा सुटल्याचा आनंदच जास्त होता. गावात राहिलेल्यांना हे वाचून वाईट वाटेल. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना कळेल.

हॉस्टेलच्या मेसमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा रोज ठरल्या वेळी गरम जेवले. घरी आधी बाबा आणि दादा, मग मी नि वहिनीची पोरं, मग वहिनी आणि सगळ्यांत शेवटी आई. तिच्यापर्यंत भाजी पोचायचीच नाही. उरलेल्या भातावर पातळ आमटीचं पाणी घालून ती जेवायची आणि लगेच वर कोरा चहा घ्यायची. हे मी रोज बघत होते, पण मला दिसलं ते मेसच्या ताटासमोर.

दोन महिन्यांनी माझी ड्यूटी बाळंतिणींच्या वॉर्डात लागली. तिथे एका सकाळी खेड्यातली एक बाई बाळंत झाली आणि दुपारपर्यंत गेली. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हिचं रक्त फार गेलं नाही. मुळात अंगातच नव्हतं." मग अंगातलं रक्त कशानं कमी होतं, ते त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. लागोपाठची बाळंतपणं, चिखलात अनवाणी काम केल्यानं पायातून शिरणारे जंत, पालेभाजी आणि कडधान्य नसलेलं जेवण, त्यावर लगेच चहा, म्हणजे जेवणातलं थोडंफार लोहही अंगी लागत नाही. "खालची पापणी ओढून बघा, लाल दिसली पाहिजे. आणि माती खावीशी वाटते का, ते विचारा. रक्त कमी असलं की तसं वाटतं."

वहिनी चुलीची भाजकी माती खायची. मी हसून तिला खपल्या काढून दिल्या होत्या.

दादाला पत्र टाकलं. पंधरा दिवस उत्तर नाही. वॉर्डात स्ट्रेचर आलं की मी आधी चेहरा बघायची. शेवटी दोन दिवसांची रजा मिळाली आणि मी घरी गेले.

वहिनीची पापणी कागदासारखी पांढरी होती. आई वैतागली. "पोटुशी बाई दमतीच की. म्या न्हाय व्हय सा बाळंतपणं काढली?" त्या सहातली दादा आणि मी, आम्ही दोघंच जगलो होतो. दादाला तेवढं बाजूला घेऊन सांगितलं, "हिला असंच ठेवलंस तर ही बाळंतपणातनं उठणार न्हाय."

तो म्हणाला, "मग काय करायचं ते सांग."

तिला कोल्हापूरला आणून तपासलं. जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. घरासाठी मी आईला बजावून सांगितलं: रोज तांदळी नाहीतर शेवग्याच्या पाल्याची भाजी, मोडाची मटकी, वर लिंबू, चहा जेवणानंतर तासाभरानं, शेतात पायात चप्पल. आई नुसती ऐकत होती. ती काही करेल असं मला वाटलं नाही. पुढचे तीन महिने मी भीतीतच काढले.

वहिनी आमच्याच वॉर्डात बाळंत झाली. मुलगी झाली, लहानशी, पण मोठ्यानं रडणारी. वहिनीचं रक्त गेलं, तरी ती तगली.

तिसऱ्या दिवशी आई नात बघायला आली. जिन्याच्या मध्यावर ती भिंत धरून उभी राहिली आणि तोंडानं श्वास घेऊ लागली. मी तिची पापणी ओढली.

"सोड की. मला काय हुतंय?"

वहिनीची होती त्याहूनही पांढरी. रक्त तपासलं, तेही तिच्यापेक्षा कमी निघालं. मी रागानं विचारलं, "घरात रोज भाजी होत होती ना?"

"हुत हुती की. तिला चार घास जास्त पायजेत म्हणालीस न्हवं? मग माज्या वाटचं बी तिलाच वाढलं."

माझ्याच सांगण्यातून हे झालं होतं. मी एकीची पापणी बघितली, दुसरीची बघायचं मला सुचलंच नाही.

आईला आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. मग मी तिला घरी पोचवायला गेले. त्या दुपारी मी सगळ्यांची ताटं एकदम वाढली. आई चुलीपाशीच घोटाळत होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं, ते थोडे सरकले आणि शेजारचा पाट पुढे केला.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. माझा संसार आता कोल्हापुरात आहे, माझी मुलं मला इथलीच समजतात. पण घर म्हटलं की मला ती दुपार आठवते. आई भिंतीकडे तोंड करून, कुणाचं तरी चोरून खाल्ल्यासारखी भराभरा जेवत होती, आणि तिच्या ताटात भाजी होती.