म्हशीला पटलेली बॅटरीची गाडी

आमच्या गल्लीत कोंबड्याला काम नव्हतं. पहाटे दूध घालणाऱ्या मामांची मोटरसायकल आली की पन्हाळ्याच्या तटाचे दगड हलायचे. मामा बोलायचेही तसेच. आधी दोनदा खाकरायचे, मग वाक्य सुसाट.

यंदा त्यांनी ती मोटरसायकल भंगारात घातली, बॅटरीची गाडी घेतली आणि साऱ्या गवळ्यांच्या मागं लागले. "घ्या की लेको! धूर न्हाय, पेट्रोल न्हाय!"

गवळी म्हणाले, "पाडव्याला म्हस हिच्या मागं पळू दे, मग आम्हीबी घेतो."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं नटवलेल्या म्हशी मालकाच्या गाडीचा आवाज ऐकून मागं पळतात. मामांची गाडी मुकाट निघाली. म्हैस रवंथ करत जागीच उभी.

"मामा, म्हशीला चार्जिंगला लावा की!" एक गवळी ओरडला. गल्ली खदाखदा हसली.

मामांनी छाती भरून घेतली आणि तोंडानंच सुरू केलं, "डुगडुगडुगडुग!" म्हशीनं शेपूट उभारलं आणि अशी सुटली, की रंकाळ्याला लाटा आल्या. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. हुबेहूब तीच जुनी गाडी!

तोच गवळी हळूच जवळ आला. "मामा, त्यो आवाज मलाबी शिकवा की."

"आधी गाडी घे," मामा म्हणाले.