दार लावून वाचलेली पोथी

पहिल्या दिवसापासून मला त्या बाईचा संशय होता. जिन्याखालच्या शिवणवाल्या काकू रोज आमच्याकडे येऊन सासूबाईंना पोथी वाचून दाखवणार आणि त्याचं काही घेणार नाहीत, असं ठरलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फुकटात कोण कुणासाठी घसा कोरडा करतं?

काकूंचं दुकान म्हणजे आमच्या इमारतीच्या जिन्याच्या पोटातली जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला आपटायचं, म्हणून काकू सहसा उभ्याच राहत नसत. मशीन, त्यावर वाकलेला दिवा, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. चेन बदलून दे, पँट आखूड कर, पडद्यांना दुमड घाल, असली कामं. नवा कपडा शिवला तर आत भरपूर माया ठेवायच्या, कापड वाया गेलं म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं तरी. "सैल करायला आणाल तेव्हा माझी आठवण काढाल," म्हणायच्या, आणि बहुतेक जण आणायचेच. इतकी वर्षं त्या तिथे बसत होत्या, पण त्यांना पोरंबाळं आहेत की नाहीत, त्या कुठे राहतात, कुणाला काही ठाऊक नव्हतं. विचारलंच तर त्या आणखी दोन टाचण्या ओठांत धरायच्या. मग काय बोलणार?

माझं कामच खोट शोधण्याचं. कपड्यांच्या कारखान्यात मी शेवटच्या तपासणीला बसते. सुटलेला टाका, तिरकी कॉलर, डाग, जे दिसेल तिथे लाल बाणाचा स्टिकर चिकटवायचा आणि कपडा परत पाठवायचा. "घरी आलीस तरी तुझे बाण काही संपत नाहीत," असं सासूबाई म्हणायच्या. आमचं दोघींचं रोज वाजायचं. माझा नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्यामुळे भांडण सोडवायलाही घरात कुणी नसायचं.

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सर्जन म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, अशा पडून राहिल्या तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल, जितका उशीर तितका धोका. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "महाराजांच्या पोथीचं पारायण पुरं झाल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही." महाराजांचं चरित्र त्या दरवर्षी वाचायच्या. आता मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नव्हतं. मी वाचते म्हटलं, तर म्हणाल्या, "तू वाचशील की तपासशील?" मग त्यांनी परस्पर काकूंना निरोप धाडला.

मी सकाळची पाळी उरकून घरी आले की काकू दुपारी चहाच्या वेळेला यायच्या. हात धुवायच्या, गळ्यातला टेप काढून खोलीच्या दाराच्या मुठीला अडकवायच्या, पलंगाजवळच्या स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "सूनबाई, दार लावून घे गं. पोथीला एकांत लागतो." माझ्याच घरात मला दाराबाहेर! एकांत कशाला लागतो ते मी काय समजत नव्हते? सासूबाईंच्या हातात बांगड्या होत्या. घर त्यांच्या नावावर होतं. आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला गोड बोलून काय काय करता येतं, ते आम्ही कारखान्यातल्या बायका रोज जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना सांगत असतोच.

सुरुवातीला पोथी झरझर पुढे गेली. मग अडली. काकू खूण म्हणून निळ्या कापडाची पट्टी पानांत ठेवायच्या. ती पट्टी हलेना. "कुठवर आलं?" विचारलं की काकू म्हणायच्या, "चाललंय." सासूबाईही म्हणायच्या, "चाललंय." इकडे सर्जनच्या दवाखान्यातून फोनवर फोन. सासूबाईंच्या पाठीवर एक लालसर चट्टा उमटला होता आणि तो पाहिल्यापासून माझं कामात लक्ष लागत नव्हतं.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं तपासलं. पट्टीच्या पुढचीच दोन पानं कडेला एका लाल बाणानं हलकेच जोडून ठेवली. काकू येत राहिल्या, दार लागत राहिलं, आतून वाचल्याचा आवाजही येत राहिला. बाण जागच्या जागी. म्हणजे बाई रोज तासभर वाचत होती, पण पोथी वाचत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडायचं निमित्त करून दाराला लागूनच बसकण मारली. आत काकूंचा पोथीतला सूर लागला होता, प्रत्येक ओळीच्या शेवटी जरासा लांबवलेला.

"मग ती कन्या थकली भारी । चढोनि आली मजले चारी । बेल वाजवी वारंवारी । माता दार उघडीना ॥"

माझ्या हातातली भाजी हातातच राहिली. महाराजांच्या काळात चार मजले? आणि बेल? मी हसू दाबलं, पण दुसऱ्याच क्षणी माझं डोकं फिरलं. ही बाई पोथीत स्वतःच्या पदरचं घुसडत होती. आतून सासूबाईंचा आवाज आला, "मग महाराज काय म्हणाले?" उत्तर द्यायचं सोडून काकूंचा पुन्हा तोच सूर लागला, एका नगरीत एक विधवा होती, वस्त्रं शिवून पोट भरत होती, तिला एकच कन्या होती. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा जिना, पुन्हा बेल.

काकू गेल्यावर मी पोथी सासूबाईंच्या पुढ्यात आपटणारच होते. पोथी म्हणून नुसती ठेवली.

"आई, ती बाई तुम्हाला फसवतेय. असा अध्यायच नाही यात. मी सगळी पानं चाळली."

"हळू बोल. ती अजून जिन्यात असेल."

"असू दे की! ऐकू दे!"

"मला पोथी पाठ आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं वाचतेय. बेल नाही त्यात, एवढं मला कळत नाही?"

मी मटकन स्टुलावर बसले. त्यांना पोथी अडली त्या दिवसापासून माहीत होतं.

"अगं, ती तिचं सांगतेय. पोरीनं मनानं लग्न केलं. वर्षभरानं पोटुशी होऊन आईच्या दारात परत आली आणि हिनं दार उघडलं नाही. पोर निघून गेली ती गेलीच. हे कुणाला सांगणार? तोंडात टाचण्या धरून बसते बिचारी. महाराजांच्या नावाखाली सांगता येतंय, तर सांगू दे."

"आणि तुमचं ऑपरेशन?"

"तिचं पुरं होऊ दे. रोज बेलपर्यंत येते आणि अडते. मी त्या टेबलावरून उठलेच नाही, तर तिचं ऐकणार कोण?"

माझा संताप अनावर झाला. "म्हणजे तिच्या गोष्टीपायी तुम्ही इथे पडून सडायचं? पाठ बघितलीय का स्वतःची? तुम्हाला दिसत नाही, मला दिसते! उद्याचा एक दिवस देते. उद्या संपलं नाही, तर मीच तिला विचारणार, तोंडावर."

सासूबाई म्हणाल्या, "बरं." त्यांचं ते 'बरं' मला कधीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजीचंही सोंग घेतलं नाही, सरळ दाराला कान लावला. काकू बेलपर्यंत आल्या. माता दार उघडीना. नेहमीप्रमाणे थांबल्या, आणि पहिल्यापासून सुरू करणार तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब. माता आत काय करत होती?"

"दाराला पाठ लावून उभी होती," काकू म्हणाल्या. सूर गेला होता, नुसता आवाज उरला होता. "समोरच्या दारांतून माणसं बघत असतील, म्हणून. मावशी, ती दोनदा 'आई' म्हणाली."

"मग महाराज काय म्हणाले?"

"पुढे नाही हो पोथीत."

"कसं नाही? माणूस महाराजांपुढे गेलं आणि महाराज नुसते बघत बसले, असा अध्याय असतो कुठे? मला पाठ आहे, मी सांगते. महाराज म्हणाले, बये, तू तुझ्या दाराला पाठ लावून उभी राहिलीस ना, आता तिच्या दाराला पाठ लावून बस. उघडेल तेव्हा उघडेल. घर ठाऊक आहे ना तिचं?"

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "लांबून बघून येते कधी कधी."

"मग आता जवळून बघ."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मला बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नाही. दारात आम्ही समोरासमोर. काकूंचे डोळे लाल झाले होते. मी काय बोलणार होते ते सगळं मी कालपासून घोकून ठेवलं होतं, पण मी नुसती वाट सोडून बाजूला सरकले. "सूनबाई, उद्या मला जमायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. टेप मुठीलाच राहिला. सकाळी जिन्याखाली मशीनवर चादर टाकलेली दिसली.

खरं सांगायचं तर तेव्हाही माझा संशय गेला नव्हता. गेली ती लेकीकडेच कशावरून? पोथी अर्धी टाकून, आम्हाला हातावर तुरी देऊन निघून गेली असेल. संध्याकाळी फोन वाजला.

"दार उघडलं," काकू म्हणाल्या. "साखळी नाही काढली. फटीतून बघितलं आणि लावून घेतलं."

"मग?"

"मग काय, बसलेय पायरीवर. आतून लहान मुलाचा आवाज येतोय. उद्याही बसणार. मावशींना हे सांग, आणि पोथी आता तूच वाचून पुरी कर. आणि बघ हं, पदरचं काही घालू नकोस."

"तुम्ही सांगताय हे मला?"

त्या हसल्या. टाचण्यांशिवाय हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी फोन ठेवला आणि लगेच सर्जनच्या दवाखान्यात तारीख ठरवून टाकली.

उरलेली पोथी मी वाचली, दार सताड उघडं टाकून, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. माझा लाल बाण सोलून काढताना पानाचा थोडा पापुद्रा निघाला आणि एका ओवीचं शेपूट गेलं. सासूबाईंनी ते न बघताच म्हणून दाखवलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी शेवटचं पान झालं. मी पोथीला कपाळ टेकवलं आणि म्हणाले, "झाली."

"झाली," सासूबाई म्हणाल्या. "तुझी राहिली."

"माझं काय राहणार?"

"बरं," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मी त्यांची दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. गाऊन, कंगवा, औषधांचे कागद, टॉवेल. टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तरी ती नीट बसेना. शेवटी टॉवेल तसाच टाकला आणि दाराशी गेले. काकूंचा टेप मुठीला लोंबत होता. मी दार लावून घेतलं आणि स्टुलावर येऊन बसले.

"एक सून होती," मी म्हणाले. "भारी संशयी."

"ते ठाऊक आहे. पुढे?"

"तिची सासू ऑपरेशनला निघाली. नवरा बोटीवर. घरात भांडायला दुसरं कुणी नव्हतं." मी नाक पुसत बसून राहिले. महाराज काय म्हणाले ते आता सासूबाईच सांगतील, काकूंना सांगितलं तसं माझ्यासाठीही त्यांनी काहीतरी तयार ठेवलं असणार, असा मला दाट संशय होता.

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"महाराजांचं राहू दे," त्या म्हणाल्या. "मलाच भीती वाटतेय गं."