शिटी कुणाच्या कुकरची

पन्नाशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या वेंधळेपणाला एडीएचडी असं रीतसर नाव दिलं. "लहानपणी कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हणून मोकळी झाले. रिक्षात बसल्यावर कळलं, की आपण साफ खोटं बोललो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी सहावीत होते. मुलुंडला एका तीन मजली इमारतीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि ते जवळच्या एका वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर लागले. म्हणून आईने औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम धरलं. धरलं गरजेपोटी, पण आठ दिवसांत तिला ते मनापासून आवडायला लागलं. केसांवर टोपी घालून ओळीत बसणाऱ्या बायका, त्यांचे डबे, सुपरवायझरची नक्कल, सगळं ती घरी येऊन मला हातवारे करून सांगायची. आई इतकं बोलू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बाबांना ते फारसं पटलं नव्हतं. "महिनाभर बघू," ते म्हणाले. "घराची आबाळ व्हायला लागली तर सोडायचं." आता घराची आबाळ म्हणजे काय, तर संध्याकाळचा कुकर. आई सातला यायची, त्याआधी वरण-भात मी लावायचा. थोडक्यात, आईची नोकरी माझ्या हातात होती. आणि माझ्या हातात दिलेली वस्तू सहसा परत येत नसे. छत्र्या, कंपासपेट्या, एकदा तर एकाच पायातली चप्पल मी हरवून आले होते.

तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, एवढंच काम. सोमवारी मी मोजून तीन शिट्ट्यांनी बंद केला. डाळ कच्ची आणि तांदूळ दाताखाली करकर. बाबांनी विचारलं, "एक तरी शिटी झाली होती का?" मी देवाशप्पथ सांगितलं, तीन ऐकल्या. मंगळवारी मी ठरवलं, फसायचं नाही. आमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मागच्या एकाच बोळात उघडायच्या, तेव्हा काल खालच्यांच्या शिट्ट्या मोजल्या गेल्या असणार. म्हणून वाजेल ती शिटी दुसऱ्या कुणाची तरी, असं धरून बसले. शेवटी कुकरमधलं पाणी आटलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. समोरच्या खोलीत राहणारी आत्या पदर खोचत धावत आली.

बाबा कामावरून आल्यावर मी खिडक्यांचं सगळं समजावून सांगितलं. आत्या बाबांकडे वळून म्हणाली, "चेडू खोटा बोलता." पोरगी खोटं बोलते हे आत्याचं मत, बाबांचं जरा वेगळं होतं. त्यांच्या मते मी हे मुद्दाम करत होते, आईने घरी बसावं म्हणून. हे मला फार लागलं. आईची नोकरी टिकावी म्हणून जीव टांगणीला लागलेली त्या घरात मीच तर होते.

आईने दुसऱ्या दिवशी कुकर दुरुस्तीला टाकला. रविवारी संध्याकाळी तिने दुरुस्त केलेला कुकर लावला आणि ओट्याखाली फरशीवर माझ्याशेजारी बसली.

"झाली की सांग."

"झाली."

"ही आपली नाय, बाय."

"ही?"

"ही पण नाय."

"तुला आपली कशी गं ओळखू येते?"

"ओळखायची कशाला? आपलीच तेवढी ऐकू येते." ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले आणि बराच वेळ नुसती ऐकत बसली. खालचा कुकर, वरचा कुकर, कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या, मोरीतला नळ, बोळात खरवडलं जाणारं भांडं. डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं.

"तुला हे सगळं एकदम ऐकू येतं?"

"हो. तुला नाही येत?"

तिने मला जवळ ओढलं आणि माझ्या दोन्ही कानांवर आपले हात ठेवले. तिच्या हातांना रविवारीही औषधांचा वास येत होता.

सोमवारपासून डाळ ती सकाळीच शिजवून जाऊ लागली. संध्याकाळी मी फक्त भात करायचा, तोही उघड्या पातेल्यात. "कान राहू देत," ती म्हणाली, "डोळ्यांनी बघ." आधणात तांदूळ वर येतात, खाली जातात, बुडबुडे फुटतात, मग पाणी आटत आटत भाताला भोकं पडतात. मला ते इतकं आवडलं, की मी पापणीही न हलवता बघत बसायचे. एकही दिवस भात बिघडला नाही.

महिना भरत आला होता. एका संध्याकाळी भात झाला, मी गॅस बंद केला, आणि मग मला दारावरची बेल ऐकू आली. कडी काढली तर बाहेर बाबा घामाघूम. दहा मिनिटं बेल दाबत आणि दार ठोकत होते. त्यांच्यामागे आत्या, आणि जिना चढून येणारी आई.

"मला ऐकूच आली नाही," मी म्हटलं.

"त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगीचे कुकर ऐकाक येय होते," आत्या म्हणाली, "नि आज दारावरची बेल ऐकाक येवक नाय?"

माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. बाबा आईकडे वळले. "बस झालं आता. उद्यापासून जायचं नाही. काही झालं असतं म्हणजे?"

आईने पिशवी खाली ठेवली. "वन्सं, तिचं दोन्ही खरं असतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग बाबांना म्हणाली, "आणि गॅस तिने वेळेवर बंद केलाय. आत जाऊन बघा."

बाबा आत गेले. पातेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. त्यांनी हातपाय धुतले आणि पाट मांडून बसले. आईने वाढलं. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, नोकरीचा विषय मात्र काढला नाही.

मी ताटावर मान खाली घालून बसले होते. आई माझ्या वरणावर तूप सोडत म्हणाली, "उद्या मला ओव्हरटाइम आहे, आठ वाजतील. वन्संनाही जेवायला बोलवू. वाटीभर तांदूळ जास्त घाल."

मला रडू फुटलं. रडणं ऐकून समोरून आलेल्या आत्याला वाटलं, ओरडा बसला म्हणून रडते.