देवमनची भिंत आणि शोभा समिती

अमरावतीत परकोटाच्या आत ज्याचं घर, त्याच्या मागे एकसष्ट साली एक नवीच साडेसाती लागली. तिचं नाव परकोट शोभा समिती. घराच्या दर्शनी बाजूला खिडकी पाडायची असो की ओटा बांधायचा, आधी समितीकडे अर्ज. जुनं रूप बिघडायला नको ना! अध्यक्ष मोरोपंत वकील. त्यांनी स्वतःच्या घराची कोरीव सागवानी गॅलरी विकून तिथे सिमेंटची बसवली होती, पण ती समिती निघण्याच्या आदल्या वर्षी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ती सिमेंटची गॅलरी ओतली देवमन गवंड्याने. परकोटातली निम्मी घरं त्याच्याच हाताने सावरलेली. त्याचं स्वतःचं घर मात्र रस्त्यावर असून रस्त्याला पाठ करून बसलेलं. आत जायचं तर मागच्या बोळातून, उघड्या नालीवर टाकलेल्या फरशीवरून. छप्पन साली त्याने धम्म घेतला तेव्हा घरातलं बरंच बदललं, दार तेवढं मागेच राहिलं. आता शालूचं, त्याच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. धारणीच्या शाळेत शिकवणारी पोरगी. तिने सासरी निघताना नाली ओलांडू नये, सरळ रस्त्यावर पाऊल टाकावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याने समोरच्या भिंतीत दार पाडायचा अर्ज केला.

अर्ज दोन महिने पडून राहिला. लग्न चार दिवसांवर आलं, तेव्हा कुठे मंडळी पाहणीला उगवली. मोरोपंतांसोबत कापडवाले ओमप्रकाशजी होते. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत, म्हणून तर त्यांना सभासद केलं होतं. मोरोपंतांनी छत्रीच्या टोकाने भिंत ठोकून पाहिली आणि डोळे मिटले. ही भिंत परकोटाइतकीच जुनी आहे, म्हणाले. असे सांधे आता कोण भरतो? ते कारागीर आपले हात सोबत घेऊन गेले. हिला भोक पाडणं म्हणजे पाप. ओमप्रकाशजींनी मान हलवली.

देवमनला आधी हसू आलं. मग संताप आला.

"साहेब, हे भिंत म्याच बांधली," तो म्हणाला. "चौतीस साली. अठी दार होतं. रस्त्यानं पालखी जाते, आमाले पाहून देवाले विटाळ होते म्हनून पंचांनी मलेच ते बुजवाले लावलं."

माणसाने शरमेने मान खाली घालावी. पण ती घालायला आधी शरम लागते. मोरोपंतांनी चष्मा पुसला, क्षणभर विचार केला आणि सांगितलं की तोही या गावाचा इतिहासच आहे, तेव्हा तोही जसाच्या तसा जपायला हवा.

देवमन आत गेला आणि भिंत फोडायची लोखंडी सब्बल घेऊन आला.

"मंग तो कागदावर जपा. या भिंतीमागं मानसं राह्यतात."

पहिल्याच घावाला धूळ उडाली तशी समिती छत्री सावरत निघून गेली. भिंत मात्र हटेना. एवढी पक्की कशाला बांधली, म्हणून देवमनने स्वतःलाच शिव्या घातल्या. दुपार सरता सरता जुनी चौकट मोकळी झाली.

चौथ्या दिवशी शालू त्या दारातून निघाली. कवाड अजून नव्हतं, फोडलेल्या भिंतीचा चुना तिच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीला लागला. तिची आई चतुराबाई उंबऱ्यावर उभी राहून, सगळ्या रस्त्यादेखत, पोटभर रडली. सत्तावीस वर्षं तिला घराच्या पुढच्या बाजूला उभं राहायला जागाच नव्हती.

महिन्याभराने समितीचं पत्र आलं. समितीच्या अथक संशोधनातून परकोटात एक प्राचीन द्वार उजेडात आलं होतं! इतकं जुनं द्वार आता बदलू नये, अशी घरमालकाला ताकीदही होती. खाली मोरोपंतांची लफ्फेदार सही.

देवमन तेव्हा नवं कवाड बसवत होता. त्याने पत्र दोनदा वाचलं. चौकटीत एका बाजूला फट राहून कवाड खडखडत होतं. त्याने पत्राची जाड घडी केली, फटीत घातली आणि हातोडीने ठोकून बसवली.