एकास दहा मापाची जीप

लोणारसारख्या गावात विज्ञानाच्या मास्तराने रविवारी अंगणात उकिडवं बसून हातभर लांबीची गाडी दगडांवर चढवत बसावं, हे आमच्या गल्लीला अजून पचलेलं नाही. जाणारा-येणारा थांबतो आणि विचारतो, पोरीसाठी आणली का? माझीच आहे म्हटलं की तो आजारी माणसाकडे बघावं तसं आपुलकीने बघतो आणि पुढे जातो. पोरगी आत पुस्तक घेऊन बसलेली असते. तिला गाड्यांचा काडीचाही नाद नाही.

या गाड्या पळवायच्या नसतात, हेच लोकांच्या ध्यानात येत नाही. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ही गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते. गंमत चढण्यात आहे. कोणतं चाक आधी टेकवायचं, कुठे दम खायचा, वजन कुठे ठेवलं म्हणजे पुढचं तोंड उचलणार नाही, यात दोन तास कसे जातात कळत नाही. सांगाडा, मोटर, चाकं आणि रिमोट पार्सलने येतात. बाकीचं मी हाताने करतो. सायकलच्या स्पोकचं कॅरिअर, जुन्या दप्तराच्या कापडाचं टप, चहाच्या चोथ्याने आणलेला गंज. गंज आणायला मला रंगापेक्षा जास्त आवडतं.

खरं सांगायचं तर गाडी हे निमित्त आहे. एखादी गोष्ट कशी झाली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलो तरी मंडपाचा बांबू कोणत्या गाठीने बांधलाय ते मी मान वाकडी करून बघतो. बायको कोपर मारते. नसत्या उठाठेवी हा माझा स्वभाव आहे आणि तो आता या वयात जायचा नाही.

तीन गाड्या केल्यावर चौथी कोणती करायची याला पर्यायच नव्हता. बाबांची जीप. बाबांनी कित्येक वर्षं लोणार ते बीबी प्रवासी जीप चालवली. लांब बांधणीची, कापडी टपाची, मागे उभं राहायला लोखंडी पायरी असलेली. नऊ माणसांच्या जागेत किती बसायची हे मी शाळेत शिकवत असलेल्या गणितात बसत नाही. आणि ती जीप माझ्या लग्नाच्या दिवशी उलटली. त्यानंतर बाबांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. जीप विकली, किल्ली दिली आणि बैठकीत येऊन बसले ते बसलेच. याला आता एकोणीस वर्षं होतात.

झालं होतं ते असं. माझी सासुरवाडी डोणगावच्या पलीकडची. लग्न लागलं, जेवणं झाली, दुपारी वरात परत निघाली. आमची जीप बाबाच चालवत होते. मागे नवरी आणि बायका, पायरीवर माणसं, टपावरच्या कॅरिअरला आंदणाचं लोखंडी कपाट आडवं बांधलेलं. गावाबाहेर नाल्याला उतरताना रस्ता डाव्या अंगाला कलतो. तिथे जीप कलली आणि नाल्यात गेली. देवाच्या कृपेने जीव कुणाचा गेला नाही. खरचटलं बऱ्याच जणांना. नवरीचं उजवं मनगट मोडलं, आणि ते नीट बसलं नाही. आजही माझी बायको भाकरी थापते तेव्हा तो हात जरा तिरपा पडतो.

भावबंदांनी कारण ताबडतोब शोधलं. बाबांना डुलकी लागली. काहींच्या मते बाबांनी घेतली होती. बाबांनी सुपारीसुद्धा कधी खाल्लेली नाही, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मी बाबांच्या शेजारीच बसलो होतो. मला विचारलं असतं तर मी साक्ष दिली असती, पण दोन रात्रींच्या जागरणाने मीच गाढ झोपलो होतो. नवरदेव हा साक्षीदार म्हणून कुचकामी असतो. बाबांना कुणी विचारलं तर ते एवढंच म्हणत, चूक माझी. कशी चूक, कोणती चूक, ते नाही.

त्या जीपचं मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात हे सगळं होतंच, पण बाबांना मी फक्त जीप म्हणालो. ते खूश झाले. म्हातारा इतका खूश होईल असं वाटलं नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की माझ्या टेबलापाशी स्टूल ओढून बसायचे. स्टेपनी डाव्या बाजूला होती. कॅरिअरला पाय सहा नाही, चार. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याला एक पान जादा टाकलं होतं, कारण बीबीच्या बाजाराला लोक पोत्यासकट बसायचे. बोनेटवर डाव्या कोपऱ्यात पोचा होता, तो मी हातोडीच्या एका ठोक्यात पाडला, तर ते म्हणाले दोन बोटं खाली. टप बायकोने शिवलं. मशीनचं चाक फिरवलं की मनगट दुखतं, म्हणून हातानेच, बारीक टाक्यांनी.

मग मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून छोटं कपाट केलं आणि कॅरिअरवर आडवं बांधलं. बाबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर आले नाहीत.

इथे थांबायला पाहिजे होतं हे मला कळत होतं. थांबलो नाही. गाडी किती कलली की उलटते, हे तिच्या रुंदीवर आणि वजन किती उंचावर आहे त्यावर ठरतं. लहान गाडी असो की मोठी, मापं आणि वजनं प्रमाणात ठेवली तर कोन तोच येतो. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीचा तो क्षण मला टेबलावर पुन्हा आणता येणार होता. ही कल्पना डोक्यात शिरल्यावर शिकवताना खडू हातात तसाच राहायला लागला. मला काय सिद्ध करायचं होतं ते सरळ होतं. जीप अशी भरली होती की ती कुणाच्याही हातून उलटली असती. बाबांचा दोष नव्हता. हे एकदा आकड्यांत दाखवलं की एकोणीस वर्षांची बोलणी बंद, असा माझा हिशेब.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या नाल्यावर गेलो. नवा रस्ता पलीकडून झालाय, पण जुनी वाट तशीच आहे. तीन ठिकाणी फळी टेकवून कल मोजला. सगळ्यात वाईट जागी, चाकोरी धरून, पंचवीस अंश. एवढ्या वर्षांत माती धुपली असणार, तेव्हाचा कल फार तर एखाद्या अंशाने कमी असेल, जास्त नाही. घरी आल्यावर, जीपमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसासाठी वाळूची पुरचुंडी केली. कोण कुठे होतं ते बायकोला विचारून विचारून लिहिलं. लोखंडी कपाटाचं वजन दुकानात विचारून आलो. गाडी फळीवर बांधून ठेवली नाही, नुसती उभी केली, कोनमापक लावला आणि फळी एका बाजूने हळूहळू उचलत गेलो.

पंचवीसला गाडी ढिम्म. अठ्ठावीसला ढिम्म. एकतीसला वरची चाकं सुटली.

मी पुरचुंड्या हलवून पाहिल्या. सगळी माणसं डावीकडे बसवली. पायरीवरचे दोघे डावीकडे लटकवले. तरी पंचवीसला ती उलटेना. दहा वेळा केलं. दहाही वेळा तिने तेच सांगितलं, की नीट चालवली असती तर जीप त्या वाटेवरून सुखरूप गेली असती. बापाला सोडवायला निघालो आणि त्याच्याच विरुद्ध पुरावा गोळा करून बसलो. मला स्वतःची लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे, मला पहिल्यांदाच वाटलं की डुलकी खरंच लागली असेल.

बाबांनी आठ दिवस काही विचारलं नाही. मग एकदा दारातूनच म्हणाले, "निंघालं काय बे काही?"

मी म्हटलं, नाही, अजून चालू आहे. ते मान हलवून गेले. खोटं बोलताना माझा चेहरा पडतो, त्यांना समजलं असणार.

त्या रविवारी दुपारी बायको टेबलापाशी उभी राहून माझी वही वाचत होती. तिला आकड्यांत रस नाही, पण कपाटाच्या पुढे मी वजन लिहून त्यापुढे "रिकामं" असं लिहिलं होतं, तिथे तिचं बोट थांबलं.

"कपाट रिकामं नव्हतं," ती म्हणाली.

तिने एकेक सांगितलं. तिच्या माहेरून रिकामं भांडं कधी बाहेर जात नाही. शेजारणीची वाटी परत करायची तरी त्यात चिमूटभर साखर घालायची. मग लेकीचं कपाट रिकामं कसं पाठवायचं? तिच्या आईने आदल्या दिवशी त्यात गव्हाचं पोतं ठेवलं, तुरीची डाळ ठेवली, पितळी हंडा, घंगाळ, परात गोधड्यांत गुंडाळून ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. आमच्याकडच्या कुणाला हे सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. सांगायचं काय त्यात, सगळे तसंच करतात. जीप उलटल्यावर तिच्या काकांनी ते कपाट नाल्यातून काढून परत नेलं आणि आठवड्याने ट्रॅक्टरवर आणून दिलं. तेव्हा ते रिकामं होतं. आम्ही पाहिलं ते हे कपाट.

इतकी वर्षं का बोलली नाहीस, असं मी विचारलं, आणि आवाज चढला माझा. ती म्हणाली, "आईवर आलं असतं सगळं. आता आई नाही, म्हणून बोलली."

मी पत्र्याचं कपाट उघडलं. त्यात तिने स्वतः गहू भरला, मी प्रमाणात वजन होईल इतके नट-बोल्ट चिंध्यांत गुंडाळून ठेवले. कपाट आडवं बांधलं. फळी उचलायला लागलो तेव्हा आतून गहू उताराच्या बाजूला सरकल्याचा आवाज आला. वीस. बावीस. चोवीसला गाडी एकदम, काही कळायच्या आत, डाव्या कुशीवर पडली. चार वेळा केलं, चारही वेळा चोवीसच्या आसपास. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. बायको वाजवत नव्हती. मी बाबांना हाक मारायला निघालो, तर ती म्हणाली, मी सांगते.

बाबा बैठकीत पेपर घेऊन होते. ती समोर जमिनीवर बसली आणि मला सांगितलं होतं तेवढंच, त्याच क्रमाने, त्यांना सांगितलं. मामाजी, दोष तुमचा नव्हता, कपाट भरलेलं होतं. मी दारात कोनमापक हातात घेऊन उभा.

बाबांनी चष्मा काढला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "सहा जण लागले चढवाले. रिकाम्या कपाटाले सहा जण लागतात काय पोरी? पण तुही माय कपाटाले हात लावून रडत उभी होती. तिले कसं म्हणू, हे उतरव म्हणून?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही म्हणाचं काम डायवरचं असते. मी म्हटलं नाही. मंग गाडी काऊन चालवू?"

म्हणजे माझी मोजमापं या माणसाला कधी लागणारच नव्हती. त्याला गाडी का उलटली ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्याने ते एका बाईच्या नावावर जाऊ दिलं नव्हतं.

मग बायको बोलली. तिची आई आमच्याकडे यायची तेव्हा इथे पाण्याचा घोटही घेत नसे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही अशी जुनी रीत आहे खरी, पण आमची मुलगी झाली, शाळेत जायला लागली, तरी सासूबाई घरून पिऊन आले म्हणायच्या आणि दुपारच्या बसने परत जायच्या. मी त्यांची थट्टा करायचो, तुम्ही फारच सोवळ्याच्या. बायकोने आता सांगितलं की ते सोवळं नव्हतं. व्याह्यांना फसवलं, त्यांची गाडी गेली, नाव गेलं, आता कोणत्या तोंडाने त्यांच्या घरचं पाणी पिऊ, असं त्या लेकीजवळ म्हणायच्या.

बाबांचे डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"मले वाटे," ते म्हणाले, "माह्या हातून तिच्या लेकीचं मनगट मोडलं, म्हणून तिले माह्या घरचं पाणी चालत नाही." मग ते बायकोकडे बघत राहिले. "आता हे तिले कोण सांगन?"